शनिवारी बंद पडणारी लॉरी

शनिवार, २७ जानेवारी

आमच्या मुलाचा, एबोचा, खोका आज जर्मनीहून आला. आलेल्या वस्तू लिहून ठेवते. कॉम्प्युटरची काळी पेटी एक, वापरलेली, एबोने आपल्या कारखान्यातल्या सोबत्याकडून घेतलेली. पडदा एक. गाडीला असते तसे स्टिअरिंग एक, त्याची पायाने दाबायची तीन पॅडल एका पाटीवर बसवलेली. कानाला लावायचा हेडफोन, तोंडापाशी माइक असलेला. माझ्यासाठी वाफेची इस्त्री, नवीकोरी. चॉकलेटच्या वड्या (ह्यांना दाखवायच्या नाहीत). लोकरीचे मोजे एक जोडी. उजवा ह्यांच्या पायात घातला, डावा मी सुटे पैसे ठेवायला घेतला.

जहाजाचे भाडे एबोने तिकडे भरले. बंदरातून सोडवायला तीनशे ऐंशी सेडी, तेमा बंदराहून इथे सॉल्टपाँडपर्यंत व्हॅन नव्वद, उचलणाऱ्यांना दहा आणि वर केंके (आंबवलेल्या मक्याचे उंडे) व मासा. केंके घरचेच, ते धरले नाही.

एवढ्या पैशांत कोंबड्यांच्या खुराड्याला पत्रा झाला असता, हे मनात आले. आले ते लिहिते. पण ह्यांचा डावा पाय साखरेच्या आजाराने गुडघ्याखालून गेल्यापासून हे खिडकीशी बसून रस्त्यावरच्या लॉऱ्या मोजतात. एकतीस वर्षे ह्यांनी स्वतः लॉरी हाकली. तिच्या कपाळावर 'हळूहळू' असे रंगवलेले होते, म्हणून अख्खे गाव ह्यांना अजून हळूहळूच म्हणते. एबो म्हणतो, ह्या यंत्रात लॉरी चालवायचा खेळ आहे. पापा इथून चालवतील, मी जर्मनीतून चालवीन, एकाच रस्त्यावर, आणि बोलताही येईल.

बोलताही येईल. पाच वर्षांपूर्वी एबोने मास्तरकीचे शिक्षण अर्ध्यात टाकले, तेव्हा ह्यांनी त्याचे वाक्य पुरे व्हायच्या आत फोन ठेवला होता. तेव्हापासून बाप-लेकाचे जे काही बोलणे ते माझ्या तोंडून. प्रभू, मी जास्त मागत नाही. दोघांनी एकमेकांशी बोलावे. खर्च मी बसवीन.

मंगळवार, ३० जानेवारी

लॉरी स्टँडजवळच्या दुकानातून मास्टर पेंत्सील आले आणि सगळे जोडून गेले. फोन, रेडिओ, कॉम्प्युटर सगळे तेच दुरुस्त करतात. हॉलमध्ये भिंतीतली प्लगची एकच जागा धड आहे, म्हणून त्यांनी एक लांब बोर्ड दिला. त्याला पाच जागा. पेटी, पडदा, फोनचा चार्जर आणि एक माझ्या इस्त्रीला. पाचवी मोकळी. पेटीवर मी क्रोशाचे झाकण घातले, उत्तरेचा धुळीचा वारा अजून आहे.

हे बसले. क्लच लागत नाही, उजव्या पायावर भागते. पडद्यावर रस्ता दिसला मात्र, ह्यांनी आधी दोन्हीकडचे आरसे बघितले. मला हसू आले आणि रडूही आले.

शनिवार, ३ फेब्रुवारी

एबोला शनिवारी संध्याकाळी सुट्टी असते. आज तो आला, म्हणजे त्या खेळात आला. दोघे दोन लॉऱ्या घेऊन निघाले. एबोचे बोलणे मला ऐकू येत नाही, ह्यांच्या कानाला हेडफोन. ह्यांचे ऐकत मी शेजारी चर्चच्या गायनमंडळाचे पांढरे झगे इस्त्री करत होते. ही माझी दर शनिवारची सेवा, लग्नाच्या आधीपासूनची.

"उतारावर गिअर खाली घे. ब्रेकवर बसू नकोस. अरे, ब्रेक तापतील." मग, "बरं घेतलंस वळण."

एवढेच. पाच वर्षांनी एवढेच, आणि तेही रस्त्याबद्दल. पण माझ्या मध्यस्थीवाचून.

कोळशाच्या इस्त्रीने दुपारी सुरू केलेले काम रात्रीपर्यंत चालायचे, राखेचा डाग पडू नये म्हणून जीव मुठीत. ह्या नव्या इस्त्रीने चुटकीसरशी उरकले, चुण्या तर अशा बसल्या की गायनमंडळाच्या मान्सा आंटी बघतच राहतील. मधे एकदा पेटी ठप्प झाली आणि आपली आपण सुरू झाली. "गाडी आहे, बंद पडणारच," हे म्हणाले. एबोही तिकडे हसला म्हणे.

प्रभूचे आभार. आज दुसरे काही लिहायचे नाही.

बुधवार, ७ फेब्रुवारी

हे रोज सकाळ-संध्याकाळ चालवतात. यंत्र कुरकुर करत नाही. मान्सा आंटी आल्या होत्या. त्या गायनमंडळाच्या प्रमुख, आवाज असा की माइक नको. दारातूनच म्हणाल्या, "काय हळूहळू, आज कुठल्या देशात?"

"पोलंडात. कांदे पोचवतोय."

"मग येताना थोडे आमच्याकडे टाका. बाजारात महाग झालेत."

"तुमच्या घरापर्यंत रस्ता धड नाही. पोलंडात आहे."

हे थट्टा करायला लागले. जेवणही वेळेवर घेतात. एबोला मी फोनवर तसे कळवले.

शनिवार, १० फेब्रुवारी

पेटी तीनदा बंद पडली. पहिल्यांदा गंमत वाटली, तिसऱ्यांदा नाही. वीज गेली म्हणावे तर डोक्यावरचा दिवा चालू. दर वेळी खेळ पुन्हा उघडेपर्यंत एबो तिकडे एकटा रस्त्याच्या कडेला थांबलेला. झगे वेळेत झाले.

मंगळवार, १३ फेब्रुवारी

मास्टर पेंत्सील पेटी दुकानात घेऊन गेले होते. झाकण काढून आतली रॅमची पट्टी काढली, तिचे पिवळे दात शाळेतल्या खोडरबराने घासले आणि बसवली. म्हणाले, "मॅडम, ही समुद्राची खारी हवा. माणसाचे दात खाते, मग हिचे नाही खाणार?" दिवसभर पेटी त्यांच्या दुकानात चालली, पोरे जमून खेळली, एकदाही बंद पडली नाही. साठ सेडी. खाऱ्या हवेला कोण काय करणार. बरी झाली हे महत्त्वाचे, देवाची स्तुती.

शनिवार, १७ फेब्रुवारी

बरी झालेली नाही. उद्या बिशप येणार म्हणून मुलांच्या मंडळाचेही झगे माझ्याकडे आले होते, संध्याकाळभर इस्त्री हातातून सुटली नाही. आणि पेटीने आज तर कहर केला. सुरू झाली की बंद, सुरू झाली की बंद. हे शेवटी स्टिअरिंगवर डोके टेकून बसले. एबोने मला फोन करून विचारले, "आई, पापा वैतागलेत का?"

म्हटले, "यंत्रावर वैतागलेत."

"पण तू तर म्हणालीस आठवडाभर छान चालतं."

"चालतं रे. काल पूर्ण संध्याकाळ चाललं."

"बरं," एवढे म्हणून त्याने फोन ठेवला.

मंगळवार, २० फेब्रुवारी

आता निदान उष्णतेचे. मास्टर पेंत्सील घरी आले, माझे क्रोशाचे झाकण बघून कपाळाला हात लावला. "मॅडम, ह्याला ताप आलाय आणि तुम्ही ह्याला गोधडी घातलीत." आतला पंखा धुळीने बसलेला होता तो साफ केला, यंत्राच्या मेंदूवर, म्हणजे मुख्य चिपवर, थंडाव्याचा लेप बदलला. बाजूचे झाकण उघडेच ठेवायचे आणि समोर उभा पंखा लावायचा. बोर्डावरची पाचवी जागा त्याने भरली. पंच्याऐंशी सेडी.

लेप लावल्यावर ह्यांनी तासन्‌तास चालवून बघितले. उत्तम. मी मनात हिशेब केला, एकशे पंचेचाळीस गेले, पण दोघांचे बोलणे चालू राहिले तर महाग नाही.

शनिवार, २४ फेब्रुवारी

आज लिहायला हात चालत नाही.

सुरुवात चांगली झाली. पंखा चालू, हे खुशीत. मी झगे पाण्याने शिंपडून गुंडाळून ठेवले होते, इस्त्री उशिरा लावली. तोवर पेटी एकदाही बंद पडली नाही. हे तर एबोला आपल्या पहिल्या लॉरीची गोष्ट सांगत होते, जी मलाही अर्धीच माहीत आहे. मी म्हटले, प्रभू, तू ऐकलेस. आणि पहिला झगा पसरला.

मग ह्यांनी लॉरी एका वळणावर कडेला घेतली. स्टिअरिंगवरचे हात थांबले. एबो तिकडून काही म्हणत असावा. ह्यांनी डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली. अशी टोपी हे प्रार्थनेलाच काढतात. तोंड उघडले, आणि पेटी ठप्प.

पुन्हा सुरू होईपर्यंत एबो निघून गेलेला.

"काय म्हणाला तो?" मी विचारले.

टोपी पुन्हा डोक्यावर ठेवत म्हणाले, "विचारत होता, मी घरी आलो तर माझ्याबरोबर एका वाडग्यात जेवाल का."

आमच्याकडे बाप-लेक एका वाडग्यात जेवतात, रागावलेला बाप मुलाला वेगळे ताट वाढायला लावतो. पाच वर्षांपूर्वी एबो जर्मनीला निघायच्या आदल्या दिवशी ह्यांनी तेच केले होते.

"मग तुम्ही काय म्हणणार होतात?"

"पेटीला विचार," म्हणाले, आणि कुबड्या घेऊन आत गेले.

रविवार, २५ फेब्रुवारी

चर्चमधून आले तर फोनवर एबोचा निरोप. जसाच्या तसा उतरवते. 'आई, यंत्र आठवडाभर नीट चालतं असं तूच सांगतेस. मग फक्त मीच आलो की का बंद पडतं? काल मी एक गोष्ट विचारली आणि त्याच क्षणी बंद पडलं. पापांनी फोन कसा ठेवला होता ते मला आठवतं. मला कळलं. आता त्यांना त्रास देणार नाही.'

मी फोन लावला. उचलला नाही. दुपारी लावला, नाही. निरोप टाकला, की वीज होती रे पण पेटी बंद पडली, तुझ्या पापांचा हात स्टिअरिंगवर होता, मी डोळ्यांनी बघितले. उत्तर नाही. बरोबरच आहे. आई आणखी काय म्हणणार.

ह्यांना निरोप दाखवला. वाचून फोन माझ्या हातात ठेवला. "मी बंद नाही केलं, आराबा."

"मला माहीत आहे."

"तुला माहीत असून काय उपयोग."

बुधवार, ७ मार्च

काल स्वातंत्र्यदिनाची परेड खिडकीखालून गेली, ह्यांनी बघितली नाही. खेळालाही बसत नाहीत. दोन जेवणांतले एक टाळतात, आणि साखरेच्या माणसाने जेवण टाळणे बरे नव्हे. साखर तपासायला येणाऱ्या नर्सबाई रागावून गेल्या.

मास्टर पेंत्सीलनी आज दुसऱ्याच एका पेटीतले चित्राचे (ग्राफिक्स) कार्ड आणून आमच्या पेटीत घालून बघितले. ते काढले, आमचे घातले. दोन्ही वेळा चालली. डोके खाजवत म्हणाले, "मॅडम, मी आलो की ही शहाण्या मुलीसारखी वागते. विकायची असेल तर नऊशे देतो."

नऊशे सेडी. रात्रीच्या प्रार्थनेत मी विचारले, विकू का? मला काही ऐकू आले नाही. तेव्हा अजून विकलेली नाही.

शनिवार, १७ मार्च

देवा, तुझी वाट अशी असते होय. सविस्तर लिहिते.

संध्याकाळी मी नेहमीप्रमाणे झगे घेऊन बसले. हे आपल्या खुर्चीत, यंत्र बंद, हेडफोन खिळ्याला टांगलेला. तीन शनिवार झाले, असेच बसतात. मी इस्त्री लावली. दोन-तीन झगे झाले असतील, हे म्हणाले, "आराबा, थांब."

थांबले.

"आता कर."

मी झग्यावर इस्त्री फिरवली. इस्त्रीत 'टिक्' झाले, तिचा तांबडा दिवा लागला. हे वर बघत होते, छताच्या दिव्याकडे. म्हणाले, "बघितलंस? डोळे मिटले त्याने."

मला काही दिसले नव्हते. त्यांनी पुन्हा करायला लावले. टिक् झाले, आणि खरेच, छताचा दिवा अर्धा पिवळा झाला आणि सावरला. इतकी वर्षे डोक्यावर आहे, कोण त्याच्याकडे बघतो.

"बॅटरी थकलेली असली की स्टार्टर मारताना हेडलाइट असेच बसतात," हे म्हणाले. "एकतीस वर्षं बघितलंय. खेळताना कानावर ते लावलेलं, डोळे रस्त्यावर. मला ना ऐकू येत होतं ना दिसत होतं." खुर्ची पुढे ओढली. "लाव पेटी."

पेटी लावली. हे एकटेच निघाले, पावसात, मोठ्या शहरातून, जिथे यंत्राला सर्वांत जास्त ओढावे लागते म्हणे. इस्त्री बंद ठेवली तोवर लॉरी चालली. मग म्हणाले, "आता तुझी लाव." मी लावली. वाफ सोडली, टिक् झाले, आणि पेटी ठप्प.

ह्यांनी छताच्या दिव्याकडे बोट दाखवले.

मग त्यांनी मला पलंगाखालून माझी जुनी कोळशाची इस्त्री काढायला लावली. मी निखारे घालून आणली, धुराने दोघे खोकलो. पुन्हा पावसातले शहर, पुन्हा सगळी वळणे. मी एकामागून एक झगे करत राहिले आणि लॉरी चालत राहिली. शेवटचा झगा झाला तरी चालत होती.

"एबोनेच पाठवलेली इस्त्री," मी म्हटले. चारही शनिवार मी त्या दोघांच्या शेजारी उभी राहून देवाची सेवा करत होते, आणि मनात गाणी म्हणत होते.

हे हसायला लागले. खूप दिवसांनी, पोट धरून. "मान्सा आंटीला सांग, तुमच्या गायनमंडळाच्या चुण्यांनी माझी लॉरी खड्ड्यात घातली."

आज जेवले. दोनदा घेतले.

सोमवार, १९ मार्च

मास्टर पेंत्सील आले. ऐकून म्हणाले, "अहो, माझ्या दुकानात इस्त्री कोण करतं?" मग पेटीतला पॉवर सप्लायचा डबा उघडला. आत कपॅसिटरच्या छोट्या डब्या असतात, त्यांतल्या दोन पोट फुगून बसलेल्या. नव्या डब्याने असा झटका सोसला असता, म्हाताऱ्याला सोसला नाही. इस्त्रीने ढकलले आणि तो आधीच कडेला उभा होता, असे त्यांनी समजावले. मला जरा बरे वाटले, सगळे खापर एकटीवर नाही.

नवा डबा दोनशे दहा सेडी. इस्त्रीसाठी मीटरपासून वेगळी जाड तार नव्वद. लेपाचे पैसे त्यांनी स्वतःहून परत केले. मी खुराड्याच्या पत्र्याचे बाजूला ठेवलेले काढले. कोंबड्या आणखी एक पावसाळा ताडाच्या झावळ्यांखाली काढतील.

शनिवार, २४ मार्च

नव्या तारेवर नवी इस्त्री, नव्या डब्यावर पेटी, दोन्ही एकदम. हे चालवतात, मी झगे करते. काही झाले नाही. मान्सा आंटी मुद्दाम बघायला आल्या आणि प्रत्येक टिक्‌ला "हालेलुया" म्हणत राहिल्या, इतक्या की ह्यांनी हेडफोन लावला.

सगळे झाल्यावर हे म्हणाले, "त्याला कळव."

"फोन उचलत नाही तो."

"खोक्यावर पत्ता आहे ना. लिही. तुझं अक्षर बघून उघडेल."

"काय लिहू?"

"जे झालं ते. गोड करू नकोस."

मंगळवार, २७ मार्च

आज पोस्टात टाकले. तिकिटाचा खर्च वेगळा लिहिला आहे. पत्राची नक्कल इथे ठेवते.

'प्रिय एबो,

तुझ्या प्रश्नाच्या वेळी यंत्र कोणी बंद केले ते सापडले. मी. तू पाठवलेल्या इस्त्रीने. ती चालू झाली की आपल्या घरातली वीज बसत होती, आणि पेटीतला जुना डबा तेवढ्याने मान टाकत होता. मी फक्त शनिवारी इस्त्री करते आणि तू फक्त शनिवारी येतोस. इतर दिवशी यंत्र छान चालते असे मी तुला सांगत होते ते खरेच होते. तुझ्या पापांनी दिव्याकडे बघून हे ओळखले. मास्टर पेंत्सीलना विचार, त्यांचा नंबर खाली दिला आहे. ते माझे कोणी लागत नाहीत, माझ्या बाजूने बोलायचे त्यांना कारण नाही. जुना फुगलेला डबा मी टाकलेला नाही, तू आलास की दाखवीन.

इस्त्री फार चांगली आहे, मनाला लावून घेऊ नकोस. तिला आता वेगळी तार दिली आहे. एवढ्या चुण्या आपल्या चर्चने कधी बघितल्या नव्हत्या.

तू विचारलेस त्याचे उत्तर मी लिहीत नाही. ते म्हणतात, मुलाने बापाला विचारले, तर बापच सांगेल, त्याला परत विचारायला सांग. मी त्यांच्या तोंडातले काढून घेणार नाही. इतकेच लिहिते, की रविवारी चर्चहून आल्यावर त्यांनी मला कपाटावरचा मातीचा मोठा वाडगा काढायला लावला. तू गेल्यापासून तो वरच होता. स्वतः मांडीवर घेऊन धुतला, वाळायला उन्हात ठेवला, आणि कोंबडी त्यात शिरली तर तिच्यावर ओरडले. कालपासून तो खाली, जेवायच्या जागी ठेवला आहे. त्यात एकटा माणूस जेवत नाही, तुला माहीत आहे.

खेळातली त्यांची लॉरी, तू विचारलेस त्या वळणावर उभी आहे. चाचणीसाठी दुसरी घेतली, पण ही पहिली तिथून हलवली नाही.

कोणत्या शनिवारी येतोस ते उलट टपाली कळव.

तुझी आई,
आराबा आन्सा'